घरच्या शेगडीवर चायनीज, जपानी, थाई धर्तीचं रात्रीचं जेवण: भाज्यांना पाणी सुटतं, चिकन वातड होतं, चव सगळ्याची एकच

दवबिंदू
नमस्कार मंडळी. तीन माणसांचं रात्रीचं जेवण, हाताशी पाऊण तास, साधी गॅसची शेगडी आणि २८ सेंटीमीटरचा जाड बुडाचा नॉनस्टिक पॅन. एवढ्यात होतील असे आशियाई धर्तीचे तीन-चार पदार्थ पक्के बसवायचे आहेत. हॉटेलची हुबेहूब चव नको, रोज खावंसं वाटेल इतपत जमलं तरी पुरे.

अडतं कुठे ते सांगते. भाज्या मोठ्या आचेवर परतल्या तरी पाणी सुटतं आणि त्या शिजवल्यासारख्या मऊ होतात. चिकनचे तुकडे वातड होतात. फ्राइड राइस गिचका होतो, राइस नूडल्सचा गोळा होतो. सॉस कधी पातळ, कधी चिकट. आणि काहीही केलं तरी शेवटी चव सोया सॉसचीच येते. नेमकी प्रमाणं आणि कारणं सांगितलीत तर बरं होईल. मांसाहार चालतो, पण तिघांतलं एक माणूस शाकाहारी आहे.

काळी कढई
आधी पाण्याचं बघू, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी त्याच्याच पोटातल्या आहेत.

घरच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण ३ किलोवॅट. त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. भाज्यांमधून १०० मिली पाणी सुटलं तर ते उडवायला अशा शेगडीला तीनेक मिनिटं लागतात, आणि तोवर पॅनचं तापमान १०० अंशांच्या वर चढतच नाही. म्हणजे ती तीन मिनिटं तुमची सिमला मिरची परतली जात नसते, उकडत असते. हॉटेलच्या वोकखालच्या (वोक म्हणजे खोलगट चिनी कढई) बर्नरची ताकद याच्या कित्येक पट असते, त्यामुळे तिथे पाणी सुटताक्षणी उडतं. आच वाढवून आपण ती बरोबरी करू शकत नाही. पॅनमध्ये जाणारं पाणी कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी भाज्या स्वयंपाकाच्या आधी तासभर धुऊन कापडावर पसरून ठेवा. एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त काही घालू नका. तिघांसाठी ५०० ग्रॅम भाजी लागते, ती दोन घाण्यांत परता. मशरूम नेहमी वेगळे, कारण त्यांच्यात पाणीच जास्त. मीठ आणि सोया सॉस शेवटी. आधी घातलं की मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. भाजी घातल्यावर लगेच ढवळत बसायचं नाही. ३०-४० सेकंद तशीच पडू द्या, खालची बाजू डागाळली की उलटा. सारखं ढवळल्याने तुकडा तापलेल्या बुडाला टेकतच नाही आणि पॅनही निवतो.

कान उघडे ठेवा. नीट परतलं जात असेल तर तडतड कोरडी आणि चढी ऐकू येते. ती खाली येऊन बुडबुड सुरू झाली की पाणी साठलं म्हणून समजा. तेव्हा झाकण तर घालू नकाच, अर्धी भाजी सरळ ताटलीत काढा.

गाजर, ब्रोकोली यांसारख्या घट्ट भाज्या उकळत्या मिठाच्या पाण्यात ६० सेकंद बुडवून काढा, निथळा आणि पूर्ण कोरड्या करा. परतताना मग त्यांना दीड मिनिटसुद्धा पुरतं. पातीचा कांदा आणि मोड आलेले मूग शेवटच्या ३० सेकंदांत.

क्रम असा: चिकन आधी, तीन चतुर्थांश शिजलं की बाहेर. मग भाज्या, त्याही बाहेर. मग १ मोठा चमचा तेल, बारीक चिरलेलं आलं-लसूण १५-२० सेकंद. लसणाचा रंग बदलायच्या आत सगळं परत आत घाला आणि वरून सॉस. लसूण सुरुवातीलाच घातला तर तो करपणारच, आणि त्याचा कडवटपणा कशानेही जात नाही.

आता पॅन. नॉनस्टिक रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या आसपास त्याचा लेप खराब व्हायला लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्यात तेल घालूनच तापवा, मध्यमपेक्षा थोडी जास्त आच ठेवा आणि घाणा २५० ऐवजी २०० ग्रॅमचा करा, म्हणजे ५०० ग्रॅमचे तीन घाणे. पुढेमागे बदलणार असाल तर ३० सेंटीमीटरची, सपाट बुडाची कार्बन स्टीलची कढई घ्या. ती धूर दिसेपर्यंत तापवता येते. तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड. भाजलेल्या तिळाचं तेल तळणीला वापरू नका, ते कडू होतं. आच बंद केल्यावर अर्धा छोटा चमचा वरून, बस.

सांजवारा
काळी कढई यांनी पाण्याचं सांगितलंच आहे. मी चिकनपुरतं लिहितो. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

वातडपणाची कारणं दोन: काप जाड असतात, आणि ते धाग्याच्या दिशेने कापलेले असतात. २५० ग्रॅम चिकन २०-३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. जरा कडक झालं की धाग्याला आडवे, ४ मिलीमीटर जाडीचे काप सहज निघतात. त्यात १ मोठा चमचा पाणी, २ छोटे चमचे सोया सॉस आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून हाताने मिनिटभर चोळा. पाणी मांसात मुरून वाडग्याचं बूड कोरडं दिसायला हवं. मग दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, आणि सगळ्यात शेवटी १ छोटा चमचा तेल. २० मिनिटं झाकून ठेवा.

हा क्रम उलटा करू नका. तेल आधी गेलं तर पाणी आत मुरत नाही. सोड्यामुळे मांसाचा पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो, त्यामुळे शिजताना प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि आतला रस टिकतो. पाव चमच्याच्या वर गेलात की साबणासारखी चव येते आणि पोत बुळबुळीत होतो, म्हणून इथे अंदाजपंचे चालत नाही. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर तुकड्याभोवती बसतो आणि सॉसही त्यालाच धरून राहतो.

नॉनस्टिकमध्ये हा थर चिकटून निघायची भीती वाटत असेल तर पाण्यातली पद्धत वापरा. पाणी उकळा, १ छोटा चमचा तेल घाला, आच मध्यम करा, काप सुटे सुटे सोडा. ४०-६० सेकंदांत बाहेरून पांढरे झाले की चाळणीत निथळा. परतताना आणखी मिनिटभर लागतं. चिकन आतून ७४ अंशांना पोचायला हवं. इतके पातळ काप तिथवर लगेच पोचतात, त्यामुळे 'अजून दोन मिनिटं असू दे' हा मोह टाळा.

शाकाहारी ताटासाठी घट्ट टोफू. २०० ग्रॅमचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेवा, निथळा, फडक्याने टिपा. वजनाखाली अर्धा तास दाबून ठेवण्यापेक्षा हे लवकर होतं आणि टोफू आतपर्यंत खारट लागतो. मग दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरून एका बाजूने ३ मिनिटं, न हलवता. तुकडा आपणहून सुटला की समजा कड आली. ओढून काढलात तर अर्धा पॅनलाच राहील.

शितभात
गिचक्या फ्राइड राइसचं कारण दाण्याच्या बाहेरची ओल. भात रात्रभर शिळाच हवा असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण शिळेपणापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवलेला भात ओलाच राहतो. उलट ताजा भात मोठ्या ताटात पातळ पसरून पंख्याखाली ३० मिनिटं ठेवला तर तो उत्तम परतला जातो.

तांदूळ जास्मिनचा किंवा मध्यम दाण्याचा घ्या. पाणी निवळ येईपर्यंत धुऊन पूर्ण निथळा. १ वाटी तांदळाला एरवी सव्वा वाटी पाणी लागत असेल तर परतायच्या भाताला १ वाटी. उकळी आली की झाकून मंद आचेवर १२ मिनिटं, आच बंद करून १० मिनिटं तसाच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. तासाभरात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

परतताना एका वेळी ३००-३५० ग्रॅम भात, त्याहून जास्त नको. ओल्या हाताने आधीच गाठी मोडा, पॅनमध्ये उलथण्याने मोडायला गेलात तर दाणे तुटतात आणि पीठ सुटतं. दोन अंडी आधी पॅनमध्ये अर्धवट शिजवून बाजूला काढा, मग भात दोन मिनिटं. दाणे उडायला लागले की तयार. खारटपणा मिठाने आणा. सोया सॉस १ छोटा चमचा, तोही पॅनच्या कडेने, म्हणजे तो तापून सुवास येतो आणि भात भिजत नाही. तीन-चार चमचे ओतले जातात, म्हणून तर भात काळाही होतो आणि ओलाही.

राइस नूडल्स उकळू नका. ३-५ मिलीमीटर रुंदीच्या असतील तर साध्या पाण्यात ३०-४० मिनिटं भिजवा. बोटाभोवती गुंडाळल्या जातील पण चावल्यावर मध्ये कडक लागतील, तेव्हा निथळा. उरलेलं शिजणं पॅनमध्ये, ६०-८० मिली पाणी थोडं थोडं घालून. पद थाईसाठी १५० ग्रॅम कोरड्या नूडल्सना २ मोठे चमचे चिंचेचा कोळ, दीड चमचा फिश सॉस, २ चमचे ताडगूळ, आधी एकत्र गरम करून विरघळवलेलं. हे दोघांपुरतं आहे, तिसऱ्यासाठी दुसरा घाणा. गव्हाच्या नूडल्स मात्र उकळायच्या, पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर कमी. मग गार पाण्याखाली धुऊन वरची पिठी काढा आणि १ छोटा चमचा तेल चोळा.

दवबिंदू
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सॉसचं आणि चवीचं राहिलं. शाकाहारी माणसासाठी फिश सॉस, ऑयस्टर सॉस यांना पर्याय काय? आणि इंडक्शन घेतलं तर हे सगळं जमेल का?

काळी कढई
इंडक्शनवर छान जमतं, बुडाला चुंबक चिकटणारं सपाट भांडं हवं एवढंच. कार्बन स्टील मध्यम आचेवर २-३ मिनिटं तापवून मग वाढवा, एकदम पूर्ण ताकद दिली की बूड वाकडं होतं. पॅन उचलून झटकायचा नाही, उचलला की उष्णताच थांबते.

सॉस: ५०० ग्रॅम भाजी आणि २५० ग्रॅम चिकन किंवा टोफूसाठी लाइट सोया दीड मोठा चमचा, ऑयस्टर सॉस १ चमचा, साखर १ छोटा चमचा, पांढरी मिरपूड पाव छोटा चमचा, पाणी किंवा स्टॉक ४ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर दीड छोटा चमचा. हे सगळं वाटीत आधी कालवून ठेवा आणि ओतण्याआधी पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं. न ढवळता ओतलं की वरचं पाणी आधी जातं म्हणून पातळ, तळाचा गोळा शेवटी पडतो म्हणून चिकट. तुमच्या दोन्ही तक्रारी इथल्याच. ओतल्यावर नीट उकळी येऊ द्या, ३०-४० सेकंद. दुधाळ रंग जाऊन चकाकी आली की बंद. उकळी न येताच उतरवलं तर पिठाची चव राहते आणि ताटात पाणी वेगळं होतं.

डार्क सोया फक्त रंगाला, अर्धा छोटा चमचा. दोन्ही सोया एकमेकांच्या जागी वापरू नका, लाइट जास्त खारट असतो.

पाणवठा
मला वेगळीच सुचवणी करायची आहे. तुम्ही सगळं बळ परतण्यावर लावताय, आणि घरच्या शेगडीचं दुबळेपण नेमकं तिथेच आहे. चीन-जपान-थायलंडमधलं घरचं जेवण पुष्कळसं वाफवलेलं आणि मंद शिजवलेलं असतं. त्याला लहान आचच लागते. आठवड्यात एकदा परता, बाकीचे दिवस हे करा. चव एकसारखी होते तीही त्यामुळे सुटेल, कारण प्रत्येकाचा पाया निराळा आहे.

वाफवलेलं अंडं हा त्यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात नाजूक पदार्थ. अंड्याच्या दुप्पट द्रव, म्हणजे २ अंडी साधारण १०० मिली तर २०० मिली कोमट पाणी किंवा स्टॉक. पाव छोटा चमचा मीठ. फेस न आणता हलवा, गाळा, वरचे बुडबुडे चमच्याने काढा. उथळ वाडग्यात ओतून वर ताटली झाका, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर आच मंद, भांड्याचं झाकण काडीएवढं किलकिलं, १०-१२ मिनिटं. वाडगा हलवला की मधला भाग थरथरला पाहिजे, पण लाटेसारखा हिंदकळता कामा नये. आतून जाळी पडली तर आच मोठी होती: अंड्यातलं पाणी उकळून वाफेच्या वाटा झाल्या. वर १ छोटा चमचा सोया, थोडं तिळाचं तेल, पातीचा कांदा.

मासा: दोन सेंटीमीटर जाडीचे काप, ४०० ग्रॅम, खाली-वर आल्याच्या सळ्या, उकळत्या वाफेवर ८ मिनिटं. ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका, वास त्यातच असतो. पातीचा कांदा पसरून त्यावर २ मोठे चमचे कडकडीत तेल, बाजूने २ चमचे लाइट सोया, १ चमचा पाणी आणि १ छोटा चमचा साखर यांचं मिश्रण.

जपानी जेवणाचा पाया दाशी, म्हणजे तिथला पातळ स्टॉक. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्रशेवाळ) अर्धा तास भिजवा, मंद तापवा, उकळी फुटायच्या आत कोंबू काढा. उकळला की बुळबुळीतपणा आणि कडवट वास येतो. मग उकळी आणून आच बंद, २०-२५ ग्रॅम कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पातळ काप), दोन मिनिटांनी गाळा, पिळू नका. कोंबूतला ग्लुटामेट हा चव देणारा घटक इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये कोदामा शिंतारो यांना कात्सुओबुशीत तसाच दुसरा घटक, इनोसिनेट, सापडला. ही दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त भरते. शाकाहारी दाशीचं उत्तर यातच आहे: सुक्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं आणि तेही ग्लुटामेटला तसंच उठाव देतं. १ लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम कोंबू आणि ३-४ सुके शिताके रात्रभर फ्रिजमध्ये. गाळा की झालं. ते मशरूम चिरून परतायला घ्या.

या दाशीच्या २०० मिलीला १ मोठा चमचा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट). आच बंद करून, गाळणीत मिसो ठेवून चमच्याने विरघळवा. नंतर उकळू नका, सुवास उडतो. दाशी १०० मिली, सोया दीड मोठा चमचा, मिरिन (तांदळाची गोड दारू) दीड, साखर १ छोटा चमचा, त्यात पातळ कांदा आणि १०० ग्रॅम चिकनचे छोटे तुकडे ५ मिनिटं, वर २ अर्धवट फेटलेली अंडी दोन हप्त्यांत, सगळं भातावर: हे ओयाकोदोन, एका माणसापुरतं. चिकनऐवजी टोफू घातला तर तेही चालतं.

थाई करी अगदी शेवटी लिहितोय पण तुम्ही सुरुवात तिथूनच करा, चुकायला फारसा वाव नाही. ४०० मिली नारळाच्या दुधातला वरचा घट्ट भाग १०० मिली काढून मध्यम आचेवर ४-५ मिनिटं आटवा, तेल सुटेपर्यंत. त्यात ५० ग्रॅम ग्रीन करी पेस्ट २ मिनिटं परता. काही डब्यांतल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात. तेल सुटतच नसेल तर वाट बघू नका, १ मोठा चमचा तेलात पेस्ट परता. मग २५० ग्रॅम चिकन किंवा टोफू, उरलेलं दूध, १०० मिली पाणी, ८ मिनिटं मंद. १ मोठा चमचा फिश सॉस, २ छोटे चमचे ताडगूळ. तुळशीची पानं आच बंद केल्यावर.

शाकाहारी माणसासाठी पेस्टचं लेबल वाचाच, तिच्यात बहुधा सुकी कोळंबी वाटलेली असते. फिश सॉसऐवजी लाइट सोया आणि चिमूटभर मीठ, ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस त्याच प्रमाणात.

सांजवारा
पाणवठा यांच्याशी सहमत, फक्त ओयाकोदोनच्या अंड्यांबद्दल भर घालतो. दुसरा हप्ता घातल्यावर झाकण ठेवून ३०-४० सेकंदांत आच बंद करा. नॉनस्टिक पॅन उतरवल्यावरही तापलेला असतो, अंडी ताटात येईपर्यंत शिजत राहतात. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर मात्र पूर्ण घट्ट होऊ द्या.

दवबिंदू
शेवटचा प्रश्न. परतण्याच्या दिवशी भात, चिकन, टोफू, भाज्या हे सगळं पाऊण तासात कुठल्या क्रमाने बसवायचं?

शितभात
भाज्या धुऊन पसरणं आणि चिकन फ्रीझरमध्ये ठेवणं हे आधीच उरकलेलं असू द्या, मग वेळ पुरते. पहिल्या मिनिटाला तांदूळ धुऊन निथळत ठेवा आणि चिकन कापून मसाला लावा. दहाव्या मिनिटाला भात चढवा. तो होतोय तोवर दुसऱ्या बर्नरवर पाणी उकळून आधी टोफू, मग त्याच पाण्यात ब्रोकोली. पंचविसाव्या मिनिटापर्यंत सॉसच्या दोन वाट्या, एक ऑयस्टरची आणि एक मशरूमची, आलं-लसूण आणि भाज्या सगळं चिरून पॅनच्या शेजारी ताटल्यांत हवं. एकदा परतायला घेतलं की चिरायला हात मोकळा राहत नाही. परतताना आधी टोफू आणि त्याची भाजी, मग त्याच पॅनमध्ये चिकन, म्हणजे शाकाहारी ताटाला वेगळा पॅन घासावा लागत नाही. दोन्ही मिळून १५ मिनिटं. भाताचं झाकण तोवर उघडू नका.